ब्रूनोची माती

इटलीत मी एकटी आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत ठरल्या वेळी एकच गोष्ट झाली, ती म्हणजे मुंबईहून विमान सुटलं. आणि त्यात माझा काही हात नव्हता.

सांगायला लाज वाटते, पण मी भूगोलाची शिक्षिका. मंदा राऊत, माणिकपूरच्या एका शाळेत तेहेतीस वर्षं. इटलीचा नकाशा मी वर्गाकडे तोंड करून, फळ्याकडे न बघता काढायची. बुटाची टाच, बुटाचं टोक, वर आडवी पो नदी. मुलं टाळ्या वाजवायची. एकाहत्तराव्या वर्षी त्या बुटात प्रत्यक्ष पाय घातला, तेव्हा रोमच्या स्टेशनातून बाहेर पडायलाच मला पाऊण तास लागला. हे बघायला त्या मुलांपैकी कोणी तिथे नव्हतं, तेवढं नशीब.

खरं तर आम्ही दोघी जाणार होतो, रिटा आणि मी. रिटा त्याच शाळेत गणित शिकवायची. तिचं घर आणि आमची केळीची वाडी यांच्यामध्ये एक कुंपण आहे, तेही आता शेवग्याच्या दोन खुंटांपुरतं उरलंय. तिचे वडील गावच्या चर्चची घंटा वाजवायचे. लहानपणी आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे. रिटाच्या वडिलांनी बाराची घंटा दिली की माझी आई चुलीवरून भात उतरवायची. संध्याकाळची घंटा झाली की देवापाशी दिवा लागायचा. आणि कधी अवेळी एकच ठोका पडून घंटा थांबली, बराच वेळ थांबली, आणि मग दुसरा ठोका आला, की आमच्या वाडीतली माणसं हातातलं काम टाकून उठायची. कोणीतरी गेलं. कोण, ते वाटेत कळायचं. आधी निघायचं आणि मग विचारायचं, अशी आमच्याकडची रीत. देव कुणाचा कुठला, याचा त्यात प्रश्न नसे. आजही तो ठोका कानावर आला की माझे पाय मला न विचारता चपला शोधतात.

चोवीस वर्षांपूर्वी रिटाची नात टिफनी सातव्या महिन्यात जन्मली, दीड किलोची. तेव्हा रिटाने संत अंतोनीला नवस केला: पोर जगली तर तुझ्या गावी, पादुआला येईन आणि तुझ्या कबरीला हात लावीन. पोर जगली. इतकी छान जगली की आता आम्हा दोघींना तीच रागावते. पण रिटाचं जाणं राहत गेलं. कधी कुणाचं लग्न, कधी बाळंतपण, मग करोना. शेवटी आम्ही एकदाची तिकिटं काढली. टूरबरोबर जायला रिटा तयार नव्हती, कारण टूरवाले पादुआला चाळीस मिनिटं देतात.

"चोवीस वर्षं उशिरा जायचं आणि चाळीस मिनिटांत उठायचं? काय म्हणेल तो!"

मग प्रवासाआधीच्या तपासणीत डॉक्टरांना तिच्या हृदयाची एक झडप निकामी झालेली दिसली. ऑपरेशन करावंच लागेल, आणि लवकर, असं ते म्हणाले. मी तिच्या घरी गेले आणि तिकीट रद्द कसं करतात ते टिफनीला विचारू लागले. रिटा पलंगावरून ओरडली, "ए, काही रद्द करायचं नाही. तू जायचंस."

"मी? एकटी? तुला असं टाकून?"

"टाकून नाही, माझ्यासाठी. डॉक्टरांकडून मी मुद्दाम मंगळवार मागून घेतला. मंगळवार त्याचा वार, आणि आपल्या कागदावर त्या मंगळवारी पादुआच आहे. तिथल्या घड्याळात बारा वाजता तू कबरीला हात लावायचास आणि मला फोन करायचास. इथे साडेतीन झालेले असतील. चारला मला आत नेणार. तुझा फोन आला की मी कागदावर सही करीन. नाही आला तर डॉक्टर त्यांच्या घरी, मी माझ्या घरी."

"रिटा, अग मी हिंदू आहे. त्याला चालेल का?"

"तो हरवलेल्या वस्तूंचा संत आहे, मंदे. तुझ्यासारखं गिऱ्हाईक त्याला आठशे वर्षांत मिळालं नसेल."

ती हे हसत म्हणाली. पण रिटाने एकदा सांगितलं की ती तसंच करते, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. सही करणार नाही म्हणाली म्हणजे नाही करणार. तेव्हा तिची झडप माझ्या पोचण्यावर अडकली होती, आणि मी शाळेतसुद्धा कधी पहिल्या घंटेला पोचलेली नव्हते.

टिफनीने सगळी बुकिंगं केली, गाड्यांच्या वेळा एका कागदावर लिहून त्याला प्लास्टिक लावून आणलं आणि तो माझ्या गळ्यात अडकवला. मी बॅगेत चार साड्या आणि आमच्या वाडीतल्या राजेळी केळ्यांच्या सुकेळीची सहा पुडकी भरली. उन्हात वाळवलेली केळी, केळीच्याच वाळक्या सोपटात घट्ट बांधलेली. परक्या देशात कुणाच्या हातावर काय ठेवायचं, याचं माझ्याकडे हे एकच उत्तर होतं.

रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे लोखंडी खांब आहेत. कमरेएवढे उंच, पुढे वाकडी तोटी, आणि त्यातून पाणी अखंड वाहतं. बंद करायची सोयच नाही. मी वसईची. मार्च उलटला की आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि गल्लीच्या तोंडाशी टँकरची वाट बघत कळश्यांची रांग लागते. मला ते वाहतं पाणी बघवेना. मी खांबाभोवती फिरून चावी शोधली. वाकून खालून पाहिलं. शेवटी तळहाताने तोटी घट्ट दाबून धरली. तोटीला वरच्या बाजूने एक बारीक भोक असतं हे मला काय माहीत? पाण्याची धार तिथून जी उसळली, ती थेट माझ्यासमोर नकाशा उघडून उभ्या असलेल्या एका कुटुंबाच्या तोंडावर. त्यांची छोटी मुलगी खूश झाली. तिचे वडील झाले नाहीत. मी हात काढला, दोनदा सॉरी म्हटलं, आणि सवयीने तोटी पुन्हा दाबली.

संध्याकाळी रिटाला फोन केला. ती तेव्हा हॉस्पिटलात दाखल झाली होती.

"काय काय पाहिलंस?"

"पाणी."

"अख्खं रोम सोडून?"

मी सगळं सांगितलं. रिटा म्हणाली, "तिथल्या नगरपालिकेला नळ दुरुस्त करायला वसईहून बाई आली म्हणावं. मंगळवार लक्षात आहे ना?"

फ्लोरेन्सला मला केळी दिसली. फळांचं दुकान, बाहेर पाट्यांत मांडलेली फळं, त्यात पिवळीधमक, एकाही ठिपक्याशिवायची केळी. आमच्या चार पिढ्या केळ्यात गेल्या. मी एक केळं उचललं, बुंध्याशी दाबलं, नाकाशी नेलं. दुसरं दाबलं. आतून कोण ओरडत आलं म्हणता? दुकानाची मालकीण, माझ्याच वयाची, पण दुप्पट आवाजाची. तिथे फळाला उघडा हात लावायचा नसतो. दुकानदार देतो ते घ्यायचं, नाहीतर प्लास्टिकचे मोजे चढवायचे. मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं, माल कच्चा पिकवल्याचं मी ओळखलं म्हणून ती चिडली. मी तिला मराठीत समजावू लागले की बाई, ही केळी नुसती रंगाने पिकली आहेत, आत गाभा तसाच आहे. ती इटालियनमध्ये मला पोलिसांचं काहीतरी सांगत होती. आम्ही दोघींनी आपापल्या भाषेत पाच मिनिटं छान भांडण केलं. इतकं मनमोकळं भांडण मी माझा नवरा विद्याधर गेल्यापासून केलं नव्हतं. शेवटी मी एक सुकेळी काढून तिच्या हातात कोंबली आणि पळाले. मागे वळून पाहिलं तर ती सुकेळीचा वास घेत होती. बुंध्याकडूनच.

मग तो मंगळवार आला.

मी पहाटे अंघोळ केली, कबरीला जायचं म्हणून बारीक काठाची पांढरी साडी नेसले आणि पावणेसातलाच फ्लोरेन्सच्या स्टेशनवर जाऊन बसले. गाडी साडेसातची. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा कुठेतरी आधी पोचले होते. बोलोन्याला गाडी बदलली, तीही बरोबर. पुढची गाडी पादुआच्या अलीकडे एका लहान गावात थांबली ती थांबलीच. एका मुलाने इंग्रजीत सांगितलं, ही बिघडली, पुढची अकरा वाजून पाच मिनिटांनी, पादुआ तिथून वीस मिनिटं. दहाला पाच मिनिटं कमी होती. मी कागद पाहिला, बोटांवर हिशेब केला. बाराला आरामात पोचत होते. स्टेशनबाहेरच्या बाकावर बसायचं आणि हलायचं नाही, असं मी स्वतःला मोठ्याने बजावलं.

आणि ठोका पडला.

एक. मग नुसती शांतता. मग दुसरा.

मी बॅग उचलली. पाय चालू लागले. मी भूगोलाची शिक्षिका आहे, मला दिशा कळत नाही, पण मयताच्या घंटेचा माग मला डोळे मिटूनही काढता येतो. दोन गल्ल्या, एक पूल, एक लहान चौक, आणि समोर चर्च. दारात काळे कपडे घातलेली तीसेक माणसं. भिंतीवर एका म्हाताऱ्याचा फोटो असलेला कागद चिकटवलेला, खाली नाव ब्रूनो. पांढऱ्या मिशा, मिश्कील डोळे. मी दारापाशी उभी राहून हात जोडले. एवढंच करून परतायचं, असा माझा बेत होता. शेजारच्या माणसाला मी इंग्रजीत हळूच विचारलं, "हे कोण होते?" त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि तो आत गेला.

तेवढ्यात एक पंचाऐंशीच्या घरातली बाई काठी टेकत माझ्याकडे आली. माझी पांढरी साडी तिने खालपासून वरपर्यंत पाहिली. मग माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली. ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती: "बॉम्बे, बॉम्बे."

आता मुंबईचं नाव कानावर आल्यावर मी काय करणार? मान हलवली.

तिच्या मागून चाळिशीची एक मुलगी आली. तिचं नाव सिल्व्हिया, त्या बाईची भाची. तिचं इंग्रजी चांगलं होतं. ती म्हणाली, "ही माझी आत्या. ब्रूनो तिचा भाऊ. तो जहाजावर आचारी होता, लग्न केलं नाही. म्हातारपणी तो बॉम्बेच्या एका बाईबद्दल बोलायचा, नाव मात्र सांगायचा नाही. आत्या म्हणते, तुम्ही आलात."

एकाहत्तर वर्षं मी निष्कलंक काढली. आमच्या गावात माझ्याबद्दल कोणी कधी वावगा शब्द बोललं नाही. मी इतकी उशिरा पोचायची की कुणाला भेटायला वेळच उरत नसे. आणि आता परमुलखात, ओळख नसलेल्या, तेही मेलेल्या माणसाशी माझं नाव जोडलं गेलं. "नाही" म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्या आत्याने माझा हात आपल्या काखेत घेतला आणि मला पुढे चालवत नेलं. पहिल्या बाकावर, स्वतःच्या शेजारी बसवलं. मागे कुजबुज सुरू झाली. एक म्हातारा तर माझ्याकडे बघून शवपेटीतल्या ब्रूनोला शाबासकी द्यावी तशी मान हलवत होता.

मी मनगटावरचं घड्याळ बघत राहिले. दहा चाळीस. दहा पन्नास. प्रत्येक वेळी हात सोडवायला गेले की आत्याची बोटं घट्ट व्हायची. ती बोटं थंडगार होती. अकरा वाजून पाच मिनिटांनी मला लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. कदाचित ती भासही असेल. पण गाडी गेली, हा भास नव्हता. तिकडे हॉस्पिटलच्या खाटेवर, कागद पुढ्यात ठेवून रिटा माझ्या फोनची वाट बघत बसली असेल.

चर्चमधून सगळे पायीच स्मशानभूमीकडे निघाले. घंटा पुन्हा सुरू झाली, एक ठोका, थांबा, एक ठोका. बारा वाजून गेले होते. मी स्मशानभूमीच्या फाटकाशी पोचले आणि पिशवीत फोन वाजला. मी आत्याचा हात न सोडता दुसऱ्या हाताने तो कानाला लावला.

"मंदे, हात लावलास?" रिटाचा आवाज.

देवा, मला क्षमा कर. मी म्हणाले, "हो."

"कशी आहे ग कबर?"

"मोठी आहे."

"रंग?"

"संगमरवरी." हे मी टिफनीच्या कागदावर वाचलं होतं.

"गर्दी आहे?"

मी आजूबाजूला पाहिलं. "बऱ्यापैकी. सगळे काळ्या कपड्यांत आहेत."

"आणि मागे घंटा कसली वाजते?"

"चर्चची. बारा वाजले ना."

ती ऐकत होती. एक ठोका पडला. मोठा थांबा. दुसरा पडला.

"मंदे, मी कुणाची मुलगी आहे?"

मी घंटेकडे पाठ केली.

"कुणाच्या मयताला उभी आहेस ते सांग."

मग मी सगळं एका दमात सांगितलं. बिघडलेली गाडी, ठोका, ब्रूनो, आत्या, पहिला बाक, बॉम्बेची बाई. सांगून झालं. मग पलीकडून चमत्कारिक, धाप लागल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, तिची झडप गेली. पण मागून टिफनी ओरडत होती, "आजी, हसू नको, मॉनिटर बघ ना, आजी प्लीज!"

"मंदे, मेले," रिटा कशीबशी म्हणाली, "विद्याधर असता तर... मेलेला खलाशी!"

"खलाशी नाही, आचारी."

"म्हणजे जेवणाची सोय होती!"

"रिटा, हसू नकोस. माझी गाडी गेली. आता तू सही करणार नाहीस."

"सही मी सकाळी आठलाच केली."

"काय?"

"तेहेतीस वर्षं पहिल्या तासाला तुझ्या वर्गावर कोण उभं राहायचं? मी. आणि तुझ्या वेळेवर मी माझं काळीज टांगून ठेवीन होय?"

मला राग यायला हवा होता. मी विचारलं, "मग मला पाठवलंस कशाला?"

मग तिचा वर्गातला नव्हे, कुंपणापलीकडचा आवाज आला. "तू इथे ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून रडली असतीस. मला आत ऐकू आलं असतं. आणि नुसतं जा म्हटलं असतं तर तू गेली असतीस का?"

"नसते," मी म्हणाले.

"आता ऐक. त्या म्हातारीने हात धरलाय ना? सोडू नकोस. माती देऊन मगच नीघ. अंतोनी कुठे पळत नाही."

"आणि तू?"

"मी कुठे पळणार, झडप बंद आहे माझी." मग टिफनीने फोन घेतला. "मंदा आजी, न्यायला आलेत. झालं की कॉल करते."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते. तिला वाटलं, ब्रूनोसाठी. तिने आपला रुमाल मला दिला.

आमच्याकडे मयताला जो जातो तो मूठभर माती दिल्याशिवाय परत फिरत नाही. रिटानेही बजावलं होतं. म्हणून मी वाटेतल्या फुलांच्या वाफ्यातली चांगली मूठभर ओली माती उचलली आणि खड्डा शोधू लागले. खड्डा नव्हताच. तिथे एक उंच भिंत होती आणि भिंतीत कपाटाच्या खणांसारखे कप्पे. ब्रूनोची पेटी तिसऱ्या रांगेत, माझ्या डोक्याच्या वर सरकवली गेली आणि एका गवंड्याने सिमेंट लावून कप्पा बंद करायला घेतला. मी मूठ आवळून उभी. माती द्यायची कुठे? एकदा वाटलं, वर भिरकावावी; पण गवंड्याची टोपी मध्ये होती. तेवढ्यात माणसं एकेक करून माझ्याशी हात मिळवायला येऊ लागली आणि उजव्या मुठीत चिखल. मी डावा हात पुढे केला. बॉम्बेत डाव्या हातानेच करतात, असं त्या सगळ्यांनी समजून घेतलं आणि पुढचेही डावाच हात देऊ लागले. माती टाकवेना, म्हणून मी ती आत्याच्या रुमालात बांधली.

त्यानंतर घरी जेवण. आत्याने स्वतः माझ्या ताटात तीनदा वाढलं आणि मग तीही जेवली. मी सुकेळीचं एक पुडकं तिच्यापुढे ठेवलं. तिने सोपट सोडलं, एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि भावाच्या फोटोकडे बघत मान हलवली, जणू त्याने तिला हे वर्णन करून सांगितलं होतं.

सिल्व्हियाने मला गाडीने पादुआला सोडलं. वाटेत माझ्याने राहवेना. मी म्हणाले, "मला तुम्हाला एक सांगायचंय. मी ती बाई नाही."

"माहीत आहे."

"कसं?"

"चर्चच्या दारात तुम्ही एका माणसाला विचारलंत, हे कोण होते. तो माझा नवरा."

मला गाडीच्या आसनात शिरून नाहीसं व्हावंसं वाटलं. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"आत्या तीन दिवसांत आज पहिल्यांदा जेवली," ती म्हणाली आणि गिअर बदलला.

साडेचारला मी एकदाची संत अंतोनीच्या चर्चमध्ये पोचले. कबर एका बाजूच्या वेदीत आहे. माणसं रांगेने तिच्या मागून जातात, दगडाला तळहात टेकतात, क्षणभर थांबतात आणि पुढे सरकतात. मीही टेकला. दगड थंड होता, आणि लाखो हातांनी गुळगुळीत झालेला. काय म्हणायचं ते मी घोकून आले होते, पण तोंडून एवढंच निघालं: "मी रिटाकडून आले. उशीर झाला."

पण एकदा हात लावून निघायचं कसं? तिकडे ऑपरेशन चालू होतं. मी बाहेर आले, पुन्हा रांगेत उभी राहिले, पुन्हा हात टेकला. मग पुन्हा. माझ्या लक्षात आलं की मी प्रदक्षिणा घालते आहे. लक्षात आल्यावर तर थांबणं शक्यच नव्हतं. सातव्या फेरीला तिथल्या रखवालदाराने मला अडवलं आणि सात बोटं दाखवली. मी खुणेने समजावलं. छातीवर हात ठेवला, मग बोटांची कात्री केली, मग पूर्वेकडे दाखवलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. बहुधा त्याला वाटलं, मी कुणाचं तरी काळीज कापून पूर्वेकडून पळून आले आहे. शेवटी मी रिटाचा फोनवरचा फोटो दाखवला, हॉस्पिटलच्या खाटेवरचा. त्याने तो नीट पाहिला आणि दोरी बाजूला केली. मग मी किती फेऱ्या घातल्या ते त्यानेही मोजलं नाही.

पावणेसहाला फोन आला. टिफनीच होती. "झालं, मंदा आजी. झडप चालू आहे. डॉक्टर म्हणाले, छान चालू आहे."

मी तिथल्याच पायरीवर बसले आणि भोकाड पसरलं. रिटाने मला इतक्या लांब का धाडलं होतं, ते त्या चर्चमधल्या सगळ्यांना कळलं असेल. रखवालदाराने कागदी पेल्यात पाणी आणून दिलं.

ती माती मी रुमालासकट घरी आणली. वाडीत राजेळीचं नवीन रोप लावलं होतं, त्याच्या बुडाशी घातली. ते रोप आता माझ्यापेक्षा उंच झालंय आणि परवा त्याला घड लागला. रिटा रोज संध्याकाळी काठी टेकत कुंपणाच्या खुंटापर्यंत येते आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "काय ग मंदे, तुझा ब्रूनो पिकला का?"

नवस फिटला असं मात्र ती मानायला तयार नाही. म्हणते, "हात तुझा लागला. मी म्हटलं होतं माझा." येत्या मे महिन्यात आम्ही दोघी जाणार आहोत. आत्याला त्या घडाची सुकेळी द्यायला वाटेत उतरणार आहोत. रिटाने चौकटीच्या कागदावर वेळापत्रक केलंय, एक तिच्यासाठी आणि एक माझ्यासाठी. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा दिसलं की माझ्या कागदावर तिने प्रत्येक गाडीची वेळ एक तास आधीची लिहिली आहे. मला ते कळलंय, हे मी तिला सांगितलेलं नाही.